परड्याची वही: कोकणातल्या घराभोवती काय, कुठे आणि कधी लावायचं

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे माटवी बांधतात. गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचं शिपटं, तवसं (मोठी काकडी), कवंडळं, हरणं, शेरवड. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात आणि तिथली तर अगदी भरगच्च असते. काही वर्षांपूर्वी माटवी बांधता बांधता मी सहज मोजदाद केली. बावीस वस्तू टांगलेल्या होत्या, त्यांतल्या सात बाजारातून आणलेल्या. आई म्हणाली, तिचं लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षी माटवीसाठी बाजारातून काहीच आणलं नव्हतं.

त्या सात वस्तूंचा माग काढता काढता परड्याची वही सुरू झाली. पुढे जे लिहिलंय ते त्या वहीतून आलेलं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या जांभ्या जमिनीसाठी आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसासाठी ते आहे. देशावर किंवा विदर्भात माती वेगळी, पाऊस वेगळा. तिथे झाडांची नावं बदलतील. हिशेबासाठी मी पाच गुंठ्यांचं परडं धरलंय, म्हणजे साधारण पाचशे चौरस मीटर. कोणी त्याला परसू म्हणतं, कोणी आगर. नाव काहीही असो, घराच्या मागच्या दारातून जिथे पाऊल पडतं ती जागा.

आधी वही, मग कुदळ

गावी घर बांधलं किंवा मुंबईहून परत राहायला आलं की पहिली धाव रोपवाटिकेकडे जाते. गाडीभर कलमं येतात, जिथे मोकळं दिसेल तिथे खड्डे पडतात. कृपा करून तसं करू नका. कारण वैशाखात जी जागा कोरडी, मोकळी दिसते, तिच्याखाली बहुतेक वेळा कणगीचे कंद नाहीतर हळद झोपलेली असते. आमच्याकडे अशाच एका मोकळ्या जागेवर चिऱ्यांचा ढीग रचला गेला आणि आंबेहळदीचा वाफा कायमचा गेला.

म्हणून मोजणी दोनदा करा. एकदा वैशाखात, एकदा श्रावणात. सोबत घरातलं किंवा शेजारचं सर्वांत जुनं माणूस घ्या. आजी असेल तर तिला खुर्ची टाकून बसवू नका, हात धरून फिरवा. झाडासमोर उभं राहिल्यावर जे आठवतं ते ओटीवर बसून आठवत नाही. वहीत प्रत्येक झाडाला एक ओळ आणि पाच रकाने: गावातलं नाव, जागा, कामाला येणारा भाग (पान, फळ, कंद, साल, लाकूड), महिना, आणि रोप किंवा बी कुठून आलं. पाचवा रकाना लोक सोडून देतात, पण ते झाड मेलं तर पुन्हा कुठे मिळेल याचं उत्तर तिथेच असतं.

आमच्या पाच गुंठ्यांत पहिल्या वर्षी 61 नावं निघाली. मला स्वतःला त्यांतली जेमतेम पस्तीस ठाऊक होती. टाकळा, कुरडू, भारंगी ही मी तण म्हणून दरवर्षी उपटत होतो. आईने आषाढात त्यांच्याच भाज्या करून वाढल्या.

आता वहीच्या शेवटच्या पानावर बारा महिने एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर त्या महिन्यात परड्यातून ताटात काय येतं ते मांडा. वैशाखात ओळ पुरणार नाही: आंबा, फणस, रातांबे (कोकमाची फळं), काजू, जाम. भाद्रपदही भरलेला असेल. पण आषाढासमोर काय आहे? मार्चमध्ये विहिरीचं पाणी खाली गेल्यावर काय आहे? नवीन काय लावायचं ते या रिकाम्या ओळी ठरवतील. दहावा हापूस लावून वैशाख आणखी फुगवण्यात अर्थ नाही. पुढची सगळी लावणी मी याच एका कसोटीवर ठरवली आणि तुम्हीही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं.

पाण्याची वाट बघून घ्या

पावसाळ्यात एक दिवस छत्री घेऊन परड्यात उभे राहा. पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठून वाहत येतं, कुठे साचतं, ते वहीत रेखाटा. जांभ्यात पाणी झटकन मुरतं आणि जाताना मातीतलं सत्त्वही घेऊन जातं. म्हणून उतारावर आडवे, वीतभर उंच बांध घाला आणि त्यांच्या वरच्या अंगाला पालापाचोळा अडवा. पाचोळा जाळू नका. आमच्याकडची माती आम्लधर्मी असते. चुलीची राख मुठी-मुठीने आळ्यांत टाकली तर आम्लता थोडी उतरते आणि पालाशही मिळतं. एका जागी ढीग मात्र नको.

पाणी साचतं तिथे अळू, कर्दळ, वेखंड लावता येईल. सुरण, आलं, मिरवेल आणि पपई तिथे कधीही नको, पंधरा दिवसांत मुळं कुजतात.

दुसरी वाट न्हाणीच्या पाण्याची. पाच माणसांच्या घरात माणशी वीस लिटरची एक बादली धरली तरी दिवसाला शंभर लिटर पाणी निघतं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत ते सोन्यासारखं आहे. न्हाणीच्या मोरीपासून दोन चर काढा, प्रत्येकाच्या टोकाला हातभर खोल खड्डा घेऊन त्यात जांभ्याचे तुकडे आणि नारळाची सोडणं भरा, आणि खड्ड्याभोवती केळी नि अळू लावा. एका चराला आठवडाभर पाणी सोडलं की दुसऱ्याला. त्यामुळे पाणी तुंबत नाही, डास होत नाहीत. साबणातला क्षार उन्हाळ्यात मातीत साचतो, पण कोकणातला पहिला महिनाभराचा पाऊस तो धुऊन नेतो. हे पाणी कोथिंबीर, मुळा, पुदिना अशा कच्च्या खायच्या वस्तूंना देऊ नका. कपडे धुण्याच्या सोड्याचं पाणीही वेगळं काढलेलं बरं.

मोठी झाडं: इथली चूक दहा वर्षं भोवते

मोठ्या झाडांचा हिशेब आधी सावलीचा करावा लागतो. नारळाला दोन झाडांत साडेसात मीटर अंतर लागतं, म्हणजे एका माडाला छप्पन्न चौरस मीटर. पाच गुंठ्यांत फक्त नारळ लावले तरी नऊच मावतील आणि खाली काही उरणार नाही. तीन-चार माड पुरे. ते दक्षिण-पश्चिमेला असू द्या, वाऱ्यात झावळ घरावर पडणार नाही इतक्या अंतरावर. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल; तळाशी सोडणं, वर माती आणि शेणखत. जुन्या, भरपूर धरणाऱ्या बाणवली माडाचं घरचं रोप असेल तर तेच लावा.

माडांच्या खाली जागा रिकामी ठेवायची नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळात मिरी, जायफळ, दालचिनी आणि लवंग घ्यायची पद्धत बसवली, तिला लाखीबाग म्हणतात. मोठ्या बागेसाठी ती योजना आहे, पण त्यातलं तत्त्व परड्यात उत्तम चालतं. वर माडाचं छत्र, मध्ये जायफळ किंवा दालचिनी, खोडावर मिरवेल, जमिनीवर हळद, आलं, अळू. मिरवेल आधाराच्या झाडाच्या उत्तरेला लावा, म्हणजे दुपारच्या कडक उन्हापासून ती वाचते. जुन्या वेलाच्या बुडाशी जमिनीवर सरपटणारे फुटवे असतात, त्यांची दोन-तीन पेरांची छाटं फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत लावली की मृगात रोप तयार. एका घराला वर्षाची मिरी दोन धडधाकट वेल देतात, असा आमचा अनुभव आहे.

कोकमाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी स्वतः आठ वर्षं घालवली. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. रोप बघून ते ओळखता येत नाही, फुलायला सात-आठ वर्षं लागतात. मी हौसेने सहा रोपं लावली. त्यांतली चार नर निघाली. फुलतात सुरेख, धरत एकही नाही. म्हणून कोकम लावायचं तर मादी झाडाच्या काडीवर बांधलेलं कलमच लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या कोकण अमृता या जातीची फळं पावसाआधी हाती येतात आणि आमसुलं वाळवायला ऊन मिळतं. हा मुद्दा लहान वाटेल, पण गावठी झाडाचे रातांबे बहुधा पहिल्या पावसात सापडतात आणि सालं बुरशीने जातात. जायफळाचंही असंच, नर-मादी वेगळी, म्हणून कलमच.

आमसुलं करायची रीत तुम्हाला ठाऊक असेलच: रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा, सालं वाळत टाकायची आणि रोज त्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. बिया फेकू नका. त्या वाळवून, कुटून, उकळून निघणारं मुठेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना दुसरं काही लावू देत नाही.

फणस एकच लावायचा असेल तर घरात विचारून लावा. कापा सगळ्यांना आवडतो, पण सांदणं आणि फणसपोळी बरक्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी मिळते, म्हणजे एक रिकामी ओळ भरली. आठळ्या धुऊन, सावलीत सुकवून, मातीत किंवा राखेत घालून ठेवा. आषाढाची अर्धी ओळ त्यांनी भरते. उरलेली अर्धी शेवग्याचा पाला भरतो. गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर शेगलाची भाजी आमच्याकडे अजून होते. शेवगा मनगटाएवढ्या फांदीनेही लागतो. तो ठिसूळ असतो, म्हणून विहिरीवर आणि वाटेवर नको. दर वर्षी कमरेएवढा छाटला की शेंगा हाताला येतात.

आणि आंबट झाडांपैकी एक तरी असू द्या. बिमला, करमळ किंवा आंबाडा. जिथे मासे शिजतात त्या घरात तिरफळ हवंच. बांगड्याच्या तिखल्यात त्याची जागा दुसरं काहीच घेऊ शकत नाही. झाड काटेरी आहे, म्हणून गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला.

चुलीजवळची पंचवीस पावलं

रोज लागणाऱ्या वस्तू मागच्या दारापासून पंचवीस पावलांच्या आत असाव्यात, कारण मुसळधार पावसात फोडणी तडतडत असताना कढीपत्त्यासाठी कोणी गडग्यापर्यंत जात नाही. लांब लावलेलं झाड वापरात राहत नाही आणि वापरात नसलेलं झाड दोन-तीन वर्षांत मरतं. कढीपत्ता, गवती चहा, मिरची, ओव्याचं पान, पुदिना, लिंबू, पपई, आल्याचा एक वाफा, एवढं इथे बसतं.

अळू दोन तऱ्हेचं ठेवा. पातळ भाजीचं हिरव्या देठाचं, आणि वडीचं काळसर जांभळ्या देठाचं. दोन्हींत खाजरे स्फटिक असतात, ते ऑक्झलेटचे. म्हणून चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवायचं. सांडपाण्याजवळ आपोआप उगवलेलं कुठलंही अळू भाजीत घालू नका. घरच्या गड्ड्यांची जागा वहीत लिहून ठेवा आणि तिथलंच कापा.

केळीसाठी तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा मुनवा (बुडाशी फुटलेलं पिल्लू) निवडा. रुंद पानांचा दिसायला सशक्त वाटतो, पण कंदात दम नसतो. एका बुंध्याला एक आई आणि एक पिल्लू, बाकीचे मुनवे काढत राहा. घड उतरल्यावर काम संपत नाही: केळफुलाची भाजी, खोडातल्या काल्याची (गाभ्याची) भाजी, पंगतीला पानं, सोपाचे दोरे गजऱ्याला, उरलेलं खोड तुकडे करून माडाच्या आळ्यात.

हळद मे अखेरीस लावा आणि निम्मी केवळ पानांसाठी आहे असं समजा. नागपंचमीच्या पातोळ्या नि गणपतीचे मोदक या पानांत वाफवले की घरभर जो वास पसरतो, तो दुकानातल्या हळदीत कुठून येणार?

पावसाळी मांडव

पाच गुंठ्यांतली सर्वांत उघडी, दिवसभर ऊन लागणारी जागा मांडवासाठी राखून ठेवा. तिथे मोठं झाड लावायचा मोह आवरा. दहा फूट बाय पंधरा फूट पुरतो. डोक्याच्या वर हातभर उंच, म्हणजे खालून वाकून चालावं लागत नाही आणि पडवळं लोंबायला जागा राहते. खांब गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) घातले तर ते रुजतात, त्यांचा पाला खताला येतो.

वेलांचं बी मृगाची वाट बघत ठेवू नका. रोहिणीत, म्हणजे 25 मेनंतर, आळी करून दोन मुठी शेणखत घालून लावा आणि आठ-दहा दिवस तांब्याने पाणी द्या. धो धो पाऊस सुरू होईपर्यंत वेल वीतभर वर आलेला हवा. पावसात टाकलेलं बी निम्मं कुजतं, निम्मं गोगलगायी खातात. एका मांडवावर पडवळ, शिराळी, दुधी, काकडी, कारलं आणि कडेला अबई किंवा चौधारी असा मेळ चांगला बसतो. भोपळा आणि चिबूड जमिनीवर सोडा.

फुलं भरपूर आणि फळं गळतात, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. बहुतेक वेळा पावसामुळे माश्या-पाखरं फिरत नाहीत, हे कारण असतं. शिराळी, दुधी आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी-रात्री उमलतात, भोपळ्याची पहाटे. त्या वेळेला नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवा. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं, त्यावरून ओळख पटते. पडवळाच्या टोकाला छोटा दगड बांधतात तो सरळ वाढावा म्हणून. फळ बोटाएवढं असतानाच बांधा. नंतर बांधला तर तुटतं.

दसऱ्याला मांडव ओसरतो. त्याच जागी लाल माठ, मुळा, वाली, वांगी, मिरची. पाऊस थांबला पण मातीत ओल आहे, हे पंधरा दिवस दवडू नका. आमच्याकडे हिवाळी भाजी बिघडते ती बहुधा दिवाळीची वाट बघत बसल्यामुळे.

जमिनीखालचं कोठार

परड्यातून सर्वांत वेगाने नाहीशी होणारी वस्तू म्हणजे कंद, आणि याच ठिकाणी मला सर्वांत जास्त जीव लावावासा वाटतो. कणगी, करांदे, कोनफळ, सुरण, रताळी, अळकुड्या. मार्गशीर्ष-पौषात ते निघतात आणि नीट ठेवले तर फाल्गुनापर्यंत पुरतात. त्यांना खत थोडं लागतं, पाणी आकाशाचं, फवारणी शून्य.

सुरणाचा अर्धा किलोचा, डोळा असलेला तुकडा शेणकाल्यात बुडवून एप्रिल-मेमध्ये हातभर खड्ड्यात लावायचा. आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून देठ लवंडला की काढायचा. काढताना कुदळ लागली तर तो कंद लगेच खाऊन टाका, टिकणार नाही. कणग्यांसाठी माती भुसभुशीत आणि उंच वरंब्यावर हवी, वेल चढायला जवळ काठी किंवा एखादं आडवं-तिडवं झुडूप. कोनफळ तर झाडाच्या बुडाशी लावून विसरून जायची वस्तू आहे.

करांद्याची एक सूचना लिहून ठेवा. वेलीवर लागणारे करांदे गोडही असतात आणि कडूही. रानातले कडू करांदे कच्चे किंवा नुसते भाजून खाल्ले तर बाधतात. जाणती माणसं ते चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, पाणी टाकून मगच खातात. ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. परड्यात लावायला बी म्हणून गोड वेलाचेच करांदे मागून आणा.

फुलं आणि औषधी

फुलझाडांना जागा शोधावी लागत नाही, ती वाट आणि कडा धरून बसतात. पूजेला बारा महिने जास्वंद, पावसात अनंत आणि तेरडा, हिवाळ्यात अबोली, अंगणात पारिजातक. वेंगुर्ल्याकडे सुरंगीचे वळेसर (गजरे) विकून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बायका आहेत, पण सुरंगीचं झाड मोठं आणि संथ. ते नातवंडांसाठी लावायचं.

औषधीबद्दल थोडकंच लिहितो. तुळस, अडुळसा, गवती चहा, कोरफड, माका, गुळवेल एवढं घरगुती उपयोगाला पुरतं. अडुळसा गरोदर बाईला देऊ नये. रानातली कोणतीही वेल गुळवेल म्हणून आणू नका, चुकीची वेल पोटात जाते. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं.

घरात लहान मुलं असतील तर कण्हेर, धोतरा आणि गुंज अंगणात नको. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि ओकून ओकून हैराण होतात. असं झाड शाळेच्या वाटेवरच्या कुंपणाला असेल तर आजच काढा.

कुंपण, वानरं, डुकरं

गडगा असेल तर उत्तम, नसेल तर जिवंत कुंपण. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ती झाडं त्यासाठी घ्या: अडुळसा, निर्गुडी. मध्ये मध्ये गिरिपुष्पाच्या मीटरभराच्या फांद्या पहिल्या पावसात खोचा.

वानरांवर मात्र कुंपणाचा इलाज नाही. गावोगावी लोकांनी भाजी लावणं सोडलंय ते यांच्यामुळेच, आणि ही व्यथा खोटी नाही. मी उपाय म्हणून एवढंच करतो: घरापासून लांबच्या भागात वानरं ज्याला सहसा हात लावत नाहीत तेच लावतो, म्हणजे हळद, आलं, सुरण, अळू, मिरची, कारलं, गवती चहा, तिरफळ. काकडी, पपई, केळी, पेरू घराला चिकटून, जिथे दिवसभर माणसांचा वावर असतो. कंदांचा शत्रू रानडुक्कर आणि साळिंदर. कणग्यांचे वरंबे मी आता जांभ्याच्या चिऱ्यांच्या चौकोनात घेतो, दोन थर उंच. त्याने पूर्ण थांबत नाही, नुकसान बरंच कमी झालंय.

माडाला गेंड्या भुंगा लागतो तो बहुधा आपल्याच शेणखताच्या खड्ड्यातून येतो, त्याच्या अळ्या तिथेच वाढतात. खड्डा लहान माडांपासून दूर ठेवा, पावसाआधी एकदा उलथा. पांढऱ्या जाड अळ्या वर आल्या की कोंबड्या सोडा. पोफळी (सुपारीची झाडं) असतील तर फळं कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पाऊस सुरू व्हायच्या आत एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचं. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवून तिसऱ्या बादलीत एकदम ओता. लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

बी घरचं

मांडवावरचं पहिलं फळ खा, शेवटचंही खा. बियाण्यासाठी मधल्या बहरातलं, निरोगी वेलाचं, घरात ज्याची चव वाखाणली गेली ते फळ राखा. त्याला रंगीत चिंधी बांधा, नाहीतर कोणी तरी भाजीला तोडतंच. दुधी आणि शिराळी वेलावरच वाळून खुळखुळू द्यायची. पडवळ पिकून लाल होऊ द्यायचं. तवसं पिवळं-तपकिरी झाल्यावर फोडून गर एक-दोन दिवस भांड्यात तसाच ठेवा, मग बी धुऊन सावलीत सुकवा. आमची आजी काकडीचं बी शेणात कालवून भिंतीला थापून ठेवायची. आता भिंती सिमेंटच्या आहेत. काचेच्या कोरड्या बाटलीत चाळलेली राख घालून ठेवलं तरी चालतं. वाल आणि चवळीला राख हवीच, नाहीतर पोरकिडे लागतात. बाटलीवर नाव, वर्ष आणि कोणाच्या वेलाचं, हे तिन्ही लिहा.

शेजारच्या रानात कडू शिराळी असेल तर तिचं पराग येऊन पुढच्या वर्षीची शिराळी कडू निघू शकते. अशा जागी संध्याकाळी उमलण्याआधीच नर आणि मादी कळी चिंधीने बांधून ठेवा, हाताने पराग लावा आणि पुन्हा बांधा. बियाण्यापुरती दोनच फळं अशी केली की पुरे.

मे महिन्यात लावणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात किंवा अधिक रुजल्या तर बी चांगलं. चार-पाचच रुजल्या तर आळ्यात दुप्पट टाका आणि या वर्षी नवं बी धरा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री सन्मान मिळाला तो असंच घराघरांतलं गावठी बी जपल्याबद्दल. त्यांचा प्रदेश सह्याद्रीच्या पलीकडचा, वाणही वेगळे. पण परसातल्या वेलाचं बी राखून ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे काम आपल्या कुठल्याही वाडीत बसून करता येतं.

वहीचं उसनवारीचं पान

वहीत एक पान देण्या-घेण्याचं ठेवा. कोणाला काय दिलं, कोणाकडून काय आणलं, महिना आणि वर्ष. रोप किंवा बी देताना निदान दोन घरांत द्या, आणि त्यांतलं एक घर दुसऱ्या वाडीतलं असू द्या, कारण वानरांची टोळी किंवा डुकरांचा कळप एका वेळी एकच वाडी फिरतो.

आमच्या कणग्यांचं असंच झालं. एका पौषात सकाळी उठून बघतो तर सगळे वरंबे उकरलेले, बियाण्यालाही एक कंद शिल्लक नाही. बाजारात त्या जातीची कणगी मिळत नाही, लांबट, आतून पांढरीशुभ्र, उकडली की पिठूळ. आईने वही मागितली. उसनवारीच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं, चार वर्षांपूर्वी पऱ्ह्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) वाडीत तिच्या मैत्रिणीला सात कंद दिलेले. त्याच दुपारी आम्ही दोघं पऱ्ह्या ओलांडून गेलो. त्या काकींच्या न्हाणीमागे टोपलीभर कणगी राखेत ठेवलेली होती. त्यांनी पाच कंद निवडून पदरात बांधून दिले, आणि जाताना आमच्या काळ्या अळूचा एक गड्डा मागून घेतला.